तिसऱ्या पुकाऱ्याआधी

दिवाणी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक लांब लाकडी बाक आहे. वकिलाची फी ज्यांना झेपत नाही अशी माणसं त्यावर बसतात. आम्हाला वकील नसतो असं नाही. तळमजल्यावरच्या मोफत मदत कक्षातून तो मिळतो, आणि बहुतेक वेळा चांगलाच मिळतो. फक्त एकाच सकाळी त्याला चार-पाच कोर्टांत उभं राहायचं असतं. त्यामुळे पुकारा झाला की आपलं आपणच 'हजर' म्हणायचं.

शिपाई कोर्टाच्या दारात येतो आणि बोर्डावरचा नंबर आणि पहिल्या वादीचं नाव मोठ्याने घेतो. मग थांबतो, पुन्हा घेतो, पुन्हा थांबतो. तिसऱ्यांदा नाव घेऊनही कोणी बोललं नाही, तर आत साहेब मान खाली घालून दोन ओळी लिहितात आणि दावा काढून टाकला जातो. त्यात राग नसतो. नळ बंद करावा तसं ते करतात.

माझा दावा भावाविरुद्ध होता. वडील गेल्यावर पुढचं घर त्याने घेतलं, मागच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहिलो. काही महिन्यांनी त्याने आमच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. आई म्हणाली, "चष्मा सापडत नाही रे." मी नुसतं "नाही" म्हणाले. पुढच्या आठवड्यात तो कुलूप घेऊन आला. तेव्हा मदत कक्षातल्या वकीलबाईंनी दावा लावला, पहिली वादी मी, दुसरी आई, आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत त्या दोन खोल्यांना भावाने हात लावायचा नाही. दावा गेला तर हुकूम जाणार होता, आणि हुकूम गेला की कुलूप. चष्मा हे आईचं निमित्त होतं; तिला दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो. त्या खोल्या तिला पावलांनी पाठ आहेत. दुसऱ्या कुठल्या घरात तिचं काय होईल, याचा विचार मी अर्ध्यावरच सोडून द्यायचे.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात. मी त्यांत प्लास्टर ओतते, साचा काढते आणि मेणाच्या हिरडीवर दात बसवते. रसायनशास्त्र शिकले त्याचा इतका तरी उपयोग होतो की कुठलं मिश्रण किती वेळात घट्ट होईल ते मला बघावं लागत नाही. बाकावर सगळे मला कवळीवाली म्हणायचे.

बाकावरचे सर्वांत जुने गृहस्थ म्हणजे मास्तर. त्यांनी आयुष्यात कोणाला शिकवलं नव्हतं. ते टपालखात्यात होते, पण प्रत्येकाच्या बोलण्यातली चूक काढायचे म्हणून मास्तर. शेजाऱ्याने यांच्या खिडकीसमोर भिंत बांधली, त्यावरून त्यांचा दावा होता. "शेजारी वारला, भिंतीला तडे गेले, वकील तीन झाले," ते सांगायचे, "दावा मात्र ठणठणीत आहे. खातपीत नाही ना, म्हणून."

बाकाची रीत मला त्यांनीच समजावली. कोणी पाणी प्यायला गेलं, कोणी झेरॉक्सला गेलं आणि तेवढ्यात पुकारा झाला, तर शेजारच्याने 'हजर' म्हणायचं.

"चालतं असं?" मी विचारलं होतं.

"आवाज कोणाचा ते बघायला कोण बसलंय? आवाज आला पाहिजे. मग ते माणूस पळत येतं, आत जातं, झालं. आपल्यासारख्यांनी एकमेकांना नाही धरायचं तर कोणी? पण एक लक्षात ठेव. ज्याला त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं असेल त्याच्यासाठीच बोलायचं."

"आणि नसेल पाहिलं तर?"

"तर गप्प बसायचं," मास्तर म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

त्या दिवशी माझी तारीख लवकर आटोपली होती. वकीलबाईंची सही घ्यायची म्हणून मी थांबले होते. बाकावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. भिंतीकडच्या टोकाला एक हिरवी कापडी पिशवी होती, बंद नीट आत दुमडलेले. जागा धरायला अशा पिशव्या ठेवतातच. शिपाई दारात आला आणि त्याने एका बाईचं नाव घेतलं. कोणी बोललं नाही. त्याने दुसऱ्यांदा घेतलं. मी जिन्याकडे पाहिलं, पाण्याच्या कूलरकडे पाहिलं. कोणी पळत येत नव्हतं. पिशवी आहे म्हणजे बाई आली असणार, एवढाच मी विचार केला. पिशवी पाहिली म्हणजे बाईच पाहिली, असं मी धरून चालले.

तिसरा पुकारा व्हायच्या आत मी म्हणाले, "हजर."

आवाज जरा मोठाच निघाला. जिन्यातून उतरणारा एक माणूस थबकला.

मी आत गेले ते सांगायला, की त्या बाहेर गेल्यात, येतीलच. "साहेब, त्या..." एवढंच बोलले.

"बसा," साहेब कागदातून डोकं वर न काढता म्हणाले.

समोरच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. खालची कवळी हिरडीवरून सुटली आणि जिभेवर तिरकी झाली. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. मग त्यांनी ती जिभेने सावरली आणि हळूच म्हणाले, "आलीस का, ताई."

ते माझ्या वडिलांच्या वयाचे असतील.

त्यांच्या वकिलाने पुढची तारीख मागितली. ती मिळाली, आणि ती नेमकी माझ्या पुढच्या तारखेचीच निघाली. मी कारकुनाच्या टेबलापाशी गेले.

"अहो, मी त्या नव्हे. मी फक्त त्यांच्यासाठी हजर म्हणाले."

"हजर कोण म्हणालं?"

"मीच."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि पान उलटलं.

बाहेर मास्तर परत आले होते, हातात झेरॉक्सची गरम पानं घेऊन. मी हसत हसत सगळं सांगितलं. त्यांनी पानं मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी सरळ करत राहिले.

"त्या बाईला पाहिलंस तू?"

"पिशवी होती ना."

"पिशवी नेहमीच असते." त्यांनी बाकाच्या टोकाकडे बघितलं नाही. "ती बाई वारली, कवळीवाले. मी इथे यायला लागलो त्याच्याही आधी. भावाने झोपेत हक्कसोडीवर अंगठा घेतला, म्हणून तिने दावा केला होता. मूलबाळ नाही. वारस लावायचा तर तो भाऊच, आणि त्याच्याविरुद्धच दावा. तो कशाला कोर्टाला सांगेल ती गेली म्हणून? आणि सांगायचं म्हटलं तरी त्याचं तोंड उघडत नाही म्हणतात."

"मग दावा अजून आहे कसा?"

"दर तारखेला कोणीतरी नवीन माणूस असतं बाकावर. कनवाळू. पिशवी बघतं आणि 'हजर' म्हणतं." त्यांनी मांडीवरची पानं पुन्हा जुळवली. "माझ्यासमोर चौघं झाली. म्हटलं की त्या संध्याकाळपासून माणसाचा स्वतःपुरता आवाज जातो, दुसरं कोणी म्हणेपर्यंत. त्यांतल्या एका छत्रीवाल्या काकांच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा काका इथे, माझ्या शेजारी बसलेले. मला वाटलं आलेच नाहीत. त्यांचा दावा गेला. पुढच्या तारखेला दुसरं कोणीतरी पिशवीसाठी 'हजर' म्हणालं आणि काका एकदम ओरडले, मी इथे आहे, मी इथे आहे. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. पण उपयोग काय?"

"मास्तर, काहीतरीच."

"काहीतरीच असूदे. तुझं नशीब की दोघींची तारीख एक आहे आणि आज तुझा नंबर आधी होता, तरी पुढच्या बोर्डावर तिचा तुझ्या आधी येतो. त्या दिवशी तू लांब बस. कोणीतरी नवीन येईलच." हे बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण लगेच त्यांनी मला विचारलं, झेरॉक्स फिकट आलीय का.

मी घरी गेले तेव्हा मला हसूच येत होतं. आई दाराशी बसली होती. मी चपला काढल्या.

"कोण?"

"मी गं."

आई वाट पाहत राहिली, जणू अजून कोणी बोललंच नव्हतं. मी जवळ जाऊन तिच्या हाताला हात लावला. तिने हात हळूच सोडवून घेतला आणि पदर सारखा केला.

"बसा हं तुम्ही," आई म्हणाली. "माझी मुलगी येईलच एवढ्यात. कोर्टात गेलीय."

आईचं डोकं शाबूत आहे. रेडिओवरच्या बातम्या ती आठवडाभराने जशाच्या तशा सांगते. मला अंधुक डोळ्यांनी नव्हे, आवाजाने आणि पायरवाने ओळखते. आयुष्यात तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, रागातसुद्धा.

रात्रभर जागून काही उपयोग नव्हता, म्हणून मी झोपले. दुसऱ्या दिवसापासून मी मोजमाप घ्यावं तसं बघायला लागले. कामाच्या ठिकाणी मालकांना म्हणाले, "वरचा साचा सुकला, खालच्याला वेळ आहे." त्यांनी मान हलवली. लगेच म्हणाले, "मला तारखेच्या दिवशी सुट्टी हवीय." ते माझ्याच दिशेला बघत होते, चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तीच वाक्यं फोनवर टिपून ऐकली. साच्याचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. सुट्टीच्या वाक्याच्या जागी पंख्याची घरघर होती, नेमकी वाक्याएवढी लांब. मग 'मला' गाळून बघितलं: "कवळीवालीला सुट्टी हवीय." पुन्हा पंखा. शब्दांची अदलाबदल करून काही होत नव्हतं. बोलणं माझ्या स्वतःसाठी असलं की ते तोंडाबाहेर पडून कुठेतरी विरत होतं.

लिहूनही पाहिलं. मालकांनी चिठ्ठी उलटसुलट केली आणि विचारलं, "ही कोणाची? खाली सही नाही." सही होती. मला ती दिसत होती.

घरी मी पाहुणीसारखी वावरत होते. आई मला घालवून देत नव्हती, पण माझी चौकशीही करत नव्हती. वकीलबाईंनी सोबतीला कोणाला तरी पाठवलं असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. स्वयंपाक करताना ती मला माझ्याचविषयी सांगायची. "फार हट्टी आहे हो. लहानपणी औषध पाजायचं तर दोघंजण लागायची. आणि बोलायला कमी. जेवढ्यास तेवढं. पण घरात असली की कळतं." मी भाजी चिरत ऐकायचे. ती दोन ताटं वाढायची, एक माझ्यापुढे आणि एक झाकून.

तारखेच्या आधी मी मदत कक्षात गेले. खोली नेहमीसारखीच होती, फायलींवर फायली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि वकीलबाई एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने सही करत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि माझा दावा, माझं नाव, माझी तारीख सगळं सांगितलं. त्यांनी फोन खाली ठेवला, चष्म्यावरून बघितलं.

"बोला ना. किती वेळ नुसत्या बसणार?"

मी तोंड मिटलं. थोड्या वेळाने, दुसरं काही सुचेना म्हणून, म्हणाले, "एक आजी आहेत. डोळ्यांनी दिसत नाही. मागच्या दोन खोल्यांवर मनाई हुकूम आहे. तो गेला तर मुलगा कुलूप लावील."

वकीलबाईंनी लगेच फाईल ओढली. "त्या दुसऱ्या वादी ना? त्यांची मुलगी पहिली. कुठाय ती? फोन उचलत नाही, आणि उचलला तर बोलत नाही. तुम्ही शेजारच्या का?" उत्तराची वाट न बघता त्या पुढे म्हणाल्या, "हे बघा, त्या सकाळी मला वर अपिलात उभं राहायचंय. मुलीला सांगा, काही करून पुकाऱ्याला हजर राहा. मी सुटले की धावत येते. पण पुकारा माझ्यासाठी थांबत नाही."

आईसाठी बोललेलं पोहोचत होतं, हे कक्षातून बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं. तेव्हा त्याचं पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी मास्तरांच्याच युक्तीवर होते: लांब बसायचं आणि कोणीतरी नवीन येऊ द्यायचं.

आणि आलीच.

तारखेच्या दिवशी ती बाकाच्या टोकाला बसलेली होती, पिशवीला खेटून. विशीतली असेल. मांडीवर मूल, खांद्यावर दुधाचा डाग. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराला कुलूप घातलं, असं ती सगळ्यांना सांगत होती, जसं नवीन माणूस सांगतं, पहिल्यापासून आणि काही न गाळता. मास्तर तिला बाकाची रीत समजावत होते. एकमेकांसाठी बोलायचं, हा भाग त्यांनी सांगितला. डोळ्यांनी पाहिलं असेल तरच, हा भाग सांगितला नाही. सांगताना त्यांची नजर बुटांवर होती.

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "कवळीवाली अजून दिसत नाही. तिने वेळेवर यायला हवं होतं हो." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

माझा भाऊ दारापाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात काहीतरी जड. तो दर थोड्या वेळाने जिन्याकडे बघायचा, आणि मी येत नाही हे पाहून त्याचे खांदे सैल व्हायचे. त्याची नजर माझ्यावरून दोनदा गेली. लहानपणी ताप आला की तो माझ्याशिवाय कोणाकडून पट्टी ठेवून घ्यायचा नाही.

शिपाई दारात आला. त्याने त्या बाईचं नाव घेतलं.

बाकावर कोणी हललं नाही. लेकुरवाळीने पिशवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "अहो, या पिशवीवाल्या असतील. पाण्याला गेल्यात वाटतं."

जुनी माणसं सगळी एकदम कशात ना कशात गुंतली. एकीने रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली.

दुसरा पुकारा.

"जाईल की त्यांचा दावा," लेकुरवाळी म्हणाली. "मी म्हणू का हजर?" ती मास्तरांना विचारत होती. मास्तर बूट बघत होते. मग ती मला विचारू लागली, कारण मी एकटीच तिच्याकडे बघत होते. मी मान हलवायची होती, एवढंच. नुसती हलवायची. तिचं तोंड उघडलं असतं आणि माझा आवाज मला परत मिळाला असता, माझ्या पुकाऱ्याच्या आधी, मास्तर म्हणाले होते तसा. त्या खोल्या राहिल्या असत्या. आईने मला 'कुठे होतीस' म्हणून रागावलं असतं.

पण तिचाही पुकारा त्याच सकाळी होता. ती गप्प झाल्यावर मांडीवरचं मूल तिच्या तोंडाकडे बघत राहिलं असतं, माझी आई दाराकडे बघते तसं. आणि तिला नको म्हटलं तर त्या बाईचा दावा जाणार होता. लेकुरवाळीने श्वास घेतला. मला बोलायला शिल्लक होती ती तेवढीच जागा.

"हजर," मी म्हणाले.

आवाज भिंतींना लागून परत आला. मास्तरांनी मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, पण मला ओळखून नव्हे. ते उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

आत म्हातारे गृहस्थ उभेच होते. या वेळी त्यांनी कवळी घातली नव्हती. गाल आत गेले होते.

"आज चेहरा दुसरा नाही आणलास," ते पुटपुटले. "मागच्या वेळचाच आहे."

साहेबांनी फाईल वर धरली. "हक्कसोडीवरचा अंगठा तुमचा?"

मी न ठरवता बोलले. "माझा अंगठा झोपेत उचलून टेकवला. मी सोडलं नाही." शब्द माझ्या घशातून आले पण त्यांची लय माझी नव्हती. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर जात होता, थकलेल्या पण ऐकून घेणार नाही अशा बाईचा.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" साहेबांनी म्हाताऱ्यांना विचारलं.

त्यांचा वकील त्यांचा हात धरत होता. त्यांनी तो सोडवला. "तिने नाही केला, साहेब. मीच धरला होता तिचा हात." बोलून झाल्यावर ते खाली बसले. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी दावा निकालासाठी ठेवला आणि पुढची तारीख लिहिली. म्हणजे अजून एकदा पुकारा होणार होता. मी बाहेर आले तर शिपाई माझंच नाव घेत होता.

"हजर," मी म्हणाले.

तो जिन्याकडे बघत थांबला होता. त्याने दुसऱ्यांदा नाव घेतलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्या तोंडावर ओरडले. त्याने डोळ्यांची उघडझाप केली, वारा लागल्यासारखी. मास्तर बाकावरून जिन्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. "ये ना गं," असं काहीतरी. बोलले नाहीत. त्यांनी मला त्या दिवशी पाहिलं नव्हतं, आणि त्यांची रीत ते मोडणार नव्हते. भाऊ भिंतीपासून सुटून दारात आला होता. त्याने खिशात हात घातला होता.

वकीलबाईंच्या पायांचा आवाज वरच्या जिन्यात ऐकू येत होता, पण त्या पोहोचणार नव्हत्या.

शिपायाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. माझ्यासाठी काहीच बोलता येत नव्हतं. पण मी सकाळी निघताना आईला पाहिलं होतं. ती दाराशी बसून केस विंचरत होती. आज तिला डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यात काही खोट नव्हती.

"वादी क्रमांक दोनच्या वतीने हजर," मी म्हणाले.

शिपाई दचकला. "अहो, इथे समोर उभ्या राहून ओरडता कशाला? आत जा."

आत साहेबांनी बोर्ड पाहिला, फाईल पाहिली. "दुसऱ्या वादी कुठे आहेत?"

"त्यांना दिसत नाही. घरी आहेत. वकीलबाई वर अपिलात आहेत, येताहेत. आजींचं म्हणणं आहे की त्यांना आपल्या खोल्यांत राहायचंय."

भावाचा वकील उठला. "साहेब, पहिली वादी गैरहजर आहे. दावा तिच्याच नावावर..."

"एका वादीच्या वतीने कोणी आहे ना इथे? मग दावा पुढे चालेल," साहेब म्हणाले. एवढ्यात वकीलबाई आल्या, धापा टाकत, काळा कोट एका खांद्यावरून घसरलेला. त्यांनी दोन वाक्यांत बाकीचं सांगितलं. साहेब लिहीत होते, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते, कारकुनाला ऐकू जावं म्हणून: वादी दोन हजर, मनाई हुकूम कायम, वादी एक गैरहजर.

दाराबाहेर भावाने वकीलबाईंना थांबवलं. तो गोंधळलेला होता, चिडलेला नव्हता. "ताई का नाही आली? ती असं करत नाही. काही झालंय का तिला?" वकीलबाई म्हणाल्या, मलाही तेच कळत नाही. तो माझ्या इतका जवळ उभा होता की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास मला येत होता. लेकुरवाळीचा पुकारा झाला. ती मोठ्याने "हजर" म्हणाली आणि मूल सावरत आत गेली.

संध्याकाळी मी घरी आले. दाराला कुलूप नव्हतं. आईने पायरव ऐकून मान वळवली.

"या. काय झालं हो?"

"हुकूम कायम राहिला," मी म्हणाले. "खोल्या तुमच्याच आहेत. कोणी हात लावणार नाही."

आईने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाली, "तिने केलं ना हे सगळं?"

मी हो म्हणाले. तिने थोडी वाट पाहिली आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले.

"जाऊदे. तुम्हाला तरी काय माहीत," आई म्हणाली. "दमली असेल ती. आली की मी विचारीन."

माझं पाहुणीचं ताट त्या दिवशी वाढलेलं नव्हतं. तारीख झाल्यावर मी पुन्हा इकडे येईन असं तिला वाटलं नसावं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. मी झाकण उचललं. वाफेचे थेंब झाकणाला आतून जमले होते, ते ओघळून ताटात पडले.

"अहो," आई दाराकडे तोंड करूनच म्हणाली, अगदी सौम्यपणे, "ते तिच्यासाठी ठेवलंय."

मी झाकण परत ठेवलं.